दादाच्या रक्ताचा जोर

मी दोन इयत्ता शिकलो. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा उलगडा झाल्याशिवाय मी सोडत नाही, हे चांदूर बाजारात कोणालाही विचारा.

वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारात होतं. आमचा संत्र्याचा बगीचा. थोरला भाऊ, म्हणजे दादा, झाडांचा खरा जाणकार आणि रोज मोहाची दारू पिणारा. एकदा मोट हाकता हाकता त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. वहिनीनं डोक्यावर ओली माती थापली, कांदा हुंगवला. सगळे म्हणाले, ऊन लागलं. मला पटेना. ऊन तर माझ्याही डोक्यावर होतं, बैलांच्याही.

त्याला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं दंडाला पट्टी बांधून हवा भरली, तसा काचेच्या नळीत पारा चढला.

"रक्ताचा जोर फार आहे. दारूनं वाढतो तो. बंद करा, नाहीतर एक दिवस अंग लुळं पडेल, किंवा जीवच जाईल."

मी म्हटलं, "साहेब, दारू जाते पोटात, पट्टी बांधली दंडाले. तिले कसं समजलं?"

"रक्त सगळीकडे एकच फिरतं, बाबा."

"मंग माह्याही दंडाले बांधा!"

बांधली. माझा पारा कितीतरी खाली राहिला. मी दारूला कधी शिवलो नाही.

दादा म्हणाला, "याले काम कुठी हाय? म्हून कमी हाय."

पण घाबरला होता. दारू सोडली. सुरुवातीला वहिनीवर खेकसे. महिन्याभरानं पुन्हा गेलो तर पारा उतरलेला. मला असा आनंद झाला, जणू तो मीच उतरवला! आणि त्याच सांजेला दादा बाटली घेऊन बसला.

"काहून रे दादा?"

"ताण पुरा झाला. आता पानी सोडाचं."

संत्र्याचं पाणी आम्ही मुद्दाम तोडतो. पानं गळतात. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं. त्या पाणी तोडण्याला ताण म्हणतात. दादानं दारूचंही तेच गणित मांडलं होतं.

मी म्हटलं, "तो ताण बहारासाठी देतेत. तुह्या अंगावर कोनता बहार आनाचा हाय?"

चुलीपासून वहिनी बोलली, "याईले संत्रे नाही लागत, भाऊजी. नुसते काटे."

दादा प्यायलाच. रोज प्यायला. पारा आता काय करतो, हे मला पाहायचंच होतं. काही दिवसांनी त्याला ओढतच अमरावतीला नेलं. पारा पुन्हा वर. डॉक्टरनं नळी दादाकडे वळवली. दादानं वाकून पारा पाहिला.

"किती दिवस ताण द्याचा, साहेब?"

"कायमचा."

"कायमचा ताण देला तं झाड वायून मरते."

डॉक्टरच्या आधी मीच बोललो. "पानी कोन तोडून राह्यलं तुहं? पानी पी ना, हंडाभर!"

दादा उठला. बाहेरच्या नळाला तोंड लावून, माझ्याकडे रागानं पाहत घटाघटा पाणी प्यायला. मग मिशा पुसल्या.

"तुह्या वहिनीले सांग, घरातली बाटली ओतून टाक म्हना. मी नाही सांगाचा."