जास्तीची वाक्यं

धाकटी बहीण शाळेत जाईना म्हणून मी तिच्यासाठी घरी भाषा शिकवायचा अभ्यासक्रम शोधायला निघाले, तेव्हा मला स्वतःला कॉलेजात साधा अर्ज लिहायचा तरी दोन कागद फाडावे लागायचे. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. अब्बा सातवी, अम्मी चौथी. काही अडलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवायचे, "हिला विचारा", आणि मलाही माहीत नाही हे सांगायचं मला जमायचं नाही.

अम्मीला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर बहीण आठवडाभर शाळेत गेली, म्हणजे आम्ही नेली. दप्तर पाठीला लावून ती दारापर्यंत यायची, उंबऱ्यापाशी थांबायची, मागे वळून घरात बघायची आणि तिथेच खाली बसायची. ओढत नेलं तरी वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायची नाही. दहा वर्षांची पोर, पूर्वी तोंडाचा पट्टा चालूच असायचा. तिच्या वर्गशिक्षिका भल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "वर्षभर घरी राहू दे. मुक्त विद्यालयाची पाचवीची परीक्षा देता येईल. गणित मागे पडलं तर पडू दे, पण हिला बोलती ठेव. आत्ता गप्प बसली तर कायमची बसेल."

अब्बा तळेगावला फॅक्टरीत, पहिली पाळी. म्हणजे हे काम माझंच होतं.

बेगडेवाडी स्टेशनाजवळच्या आमच्या गल्लीत शेजारी एक मावशी राहतात. अम्मी गेली त्या सकाळी ती त्यांनाच दारात पडलेली सापडली होती. घरी शिकवणार म्हटल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"घरात साळा? मग आमची शेरडं पण आणून बांधते. तेवढीच दोन अक्षरं शिकतील."

"मावशी, चेष्टा नको ना."

"चेष्टा न्हाई गं. पोरगी लय गप झालीय. तुझं कालेज कशाला हाय मग? कर कायतरी."

वर्गातल्या एका मुलीने मला घरी शिकवणाऱ्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये टाकलं. तिथल्या एका बाईंनी तळेगावातल्या त्यांच्या सोसायटीत बोलावलं. सातव्या मजल्यावर एक अख्खं कपाट परदेशी अभ्यासक्रमाने भरलेलं होतं. रंगीत खोके, स्टिकर, अक्षरांचे ठोकळे. त्या मनापासून म्हणाल्या, "आमचं वापरून झालंय, घेऊन जा." पहिल्याच धड्यात मुलं अंगणात बर्फाचा माणूस करत होती. माझ्या बहिणीला बर्फ माहीत होता तो उसाच्या रसातला. आणि पालकांसाठीचं पुस्तक इंग्रजीत, विटेएवढं जाड. मी "घरी विचारून सांगते" म्हणाले आणि लिफ्टऐवजी जिन्याने खाली आले. लिफ्टमध्ये कोणी भेटलं असतं तर रडू दिसलं असतं.

दुकानातलं गाइडही आणून पाहिलं. त्यात प्रश्नाखालीच उत्तर होतं. बहिणीने ते एका बैठकीत उतरवून काढलं, एक शब्द न बोलता.

तिसरा अभ्यासक्रम लोणावळ्याचा. माझ्या कॉलेजपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने तो स्वतः लिहिला होता. झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग, पावसाळ्यात ओल धरून फुगलेली पानं. पहिल्या पानावर एक ओळ होती : 'शिकवणाऱ्याला फार येत नसलं तरी चालेल, त्याला ऐकता आलं पाहिजे.' त्या ओळीसाठी मी तो घेतला. तेव्हा ती मला सोपी वाटली होती.

बाई कडक होत्या. "रोज एक उतारा मोठ्याने वाचायचा. एकदाच. परत वाच म्हणाली तरी वाचायचा नाही. मग तिने आपल्या शब्दांत सांगायचं, तुम्ही वहीत लिहून घ्यायचं. उताऱ्यातलं आलं की हिरवी खूण. उताऱ्यात नसलेलं काही सांगितलं तर 'जास्तीचं' या रकान्यात, लाल फुली मारून. नाहीतर पोरं मनातलं घुसडत बसतात आणि ऐकतच नाहीत."

"आणि चुकलं माझं तर?"

"तुमचं कसं चुकेल? तुम्ही फक्त वाचणार."

मी कॉलेजातून आल्यावर आम्ही बसायचो. ती अम्मीच्या पेटीवर, मी खाली सतरंजीवर. पहिला उतारा हरभऱ्याच्या शेतात शिरलेल्या सशाचा. मी वाचला आणि थांबले. मग ती बोलली. तीन महिन्यांत सलग चार वाक्यं मी पहिल्यांदा ऐकली. ससा आला, त्याने घाटे खाल्ले, पावलं वाजली, तो बिळात गेला. मी हिरव्या खुणा करत गेले.

"आणि तिथे एक बादली पालथी पडली होती," ती म्हणाली.

उताऱ्यात बादली नव्हती. मी ते वाक्य 'जास्तीचं'मध्ये लिहिलं आणि लाल फुली मारली. तिने फुलीकडे बघितलं.

दुसरा उतारा धरणातल्या नावाड्याचा. तिने तो चांगला सांगितला. शेवटी म्हणाली, "नावाड्याने दोरीवर ओले कपडे टाकले होते. अर्धेच." फुली. पुढच्या उताऱ्यात पोस्टमन एका घरी पत्र घेऊन येतो. ती म्हणाली, "दार उघडं होतं. आतली बाई कडी धरून उभी होती. मग बसली."

मी पेन खाली ठेवलं. पंखा चालू होता, तरी मला त्याचा आवाज ऐकू येईना.

आमच्या घरात त्या सकाळची एक ठरलेली गोष्ट होती. अब्बा पाळीला गेले होते. मी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला लोणावळ्याला निघाले, तेव्हा अम्मी बरी होती, बाहेर कपडे वाळत घालत होती. बहीण झोपली होती. मावशी दूध द्यायला आल्या, तेव्हा अम्मी दारात होती आणि सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय, दहा मिनिटांचा खेळ. भेटायला येणारे म्हणायचे, "निदान पोरीने काही पाहिलं नाही." आणि मी म्हणायचे, "मी निघाले तेव्हा बरी होती." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यातला एकही शब्द हलत नव्हता.

त्या दिवसानंतर मी उतारे निवडून वाचू लागले. घर असलेला, बाई असलेला, दार असलेला उतारा गाळायचा. मीठ कसं तयार होतं, मधमाशा पोळं कसं बांधतात, असे धडे शोधायचे. मिठाचा धडा तिने बरोबर सांगितला. पाणी आत घेतात, ऊन पाणी पितं, मीठ खाली राहतं. मग पेटीवर पाय हलवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिठागरातल्या एका माणसाने हाक मारली. दोनदा. पण पुढचा वळला नाही."

मी फुली मारली. कागद फाटला.

पुढचे आठ दिवस मी अभ्यास आहे, डोकं दुखतंय, असं काहीबाही सांगत राहिले. वही पेटीच्या मागे सारली होती. रात्री नाही, भर दुपारी, नळावर पाणी भरताना, लोकलमध्ये खिडकीशी बसल्यावर मला ते ऐकू यायचं. माझं नाव, दोनदा. पहिल्यांदा नेहमीसारखं. दुसऱ्यांदा शेवटचं अक्षर अर्धंच.

शेवटी मी बाईंना फोन केला. म्हटलं, हा अभ्यासक्रम हिला जमत नाहीये, दुसरा सुचवा.

"बोलते का ती?"

"बोलते."

"मग काय जमत नाही? मधले धडे गाळलेत ना तुम्ही? खरं सांगा."

"थोडे."

"गाळू नका. मी ते क्रमाने लावायला सहा वर्षं घातलीत. तुम्हाला कुठला आवडतो, हा प्रश्नच नाही." आणि फोन ठेवला.

रविवारी अब्बा मशिदीच्या कामाला गेले होते. बहिणीनेच वही पेटीमागून काढली. ती तिने केव्हाच शोधलेली होती.

"आपा, विसावा धडा राहिला."

विसाव्या धड्याचं नाव होतं 'अदलाबदल'. मुलाने स्वतःचा उतारा लिहायचा, तोच मोठ्याने वाचायचा, आणि शिकवणाऱ्याने ऐकून सांगायचं. खुणा मुलाने करायच्या.

"लिहिलाय मी," ती म्हणाली. "एकदाच वाचणार. तू खाली बस."

मी सतरंजीवर बसले. तिने दोन्ही पेनं मांडीवर घेतली आणि शाळेत वाचतात तसं, एका सुरात वाचलं.

"एक मुलगी पांघरुणात जागी होती. तिची अम्मी बाहेर कपडे वाळत घालत होती. मोठी बहीण परीक्षेला गेली. अम्मीने तिला दोनदा हाक मारली. मग अम्मी दारात आली आणि कडीला धरून उभी राहिली. मग खाली बसली. तिचा पाय लागून बादली पालथी झाली. मुलीला वाटलं, हाक मारलीय म्हणजे आपा येईलच. म्हणून ती उठली नाही. आपा येईपर्यंत ती डोळे मिटून पडून राहिली. मग मावशी ओरडल्या."

तिने वही मिटली. "सांग आता."

मी सांगू लागले. मुलगी पांघरुणात होती. अम्मी कपडे वाळत घालत होती. बहीण परीक्षेला गेली. अम्मी दारात आली. कडी. बादली. मुलगी वाट बघत राहिली. मावशी. प्रत्येक वाक्याला ती हिरवी खूण करत होती, मान खाली घालून, अगदी मन लावून.

"एक राहिलं," ती म्हणाली.

"काय?"

"तू सांग."

बाहेर मालगाडी जात होती. ती लांब होती. ती संपेपर्यंत मला वेळ मिळाला, आणि नंतर मिळाला नाही.

"अम्मीने दोनदा हाक मारली," मी म्हणाले.

तिने हिरवी खूण केली. पेनाला टोपण लावायला लागली. तेवढ्यावर थांबता आलं असतं.

"बहीण गल्लीच्या वळणावर होती," मी म्हणाले. "तिने दोन्ही हाका ऐकल्या. तिला वाटलं, डबा विसरला म्हणून हाक मारतेय. रोज विसरायचा. गाडी यायला आली होती. ती वळली नाही. वळणापासून घर ऐंशी पावलांवर आहे. तिने नंतर मोजली. आणि सगळ्यांना सांगितलं, मी निघाले तेव्हा अम्मी बरी होती."

बहीण माझ्याकडे बघत होती.

"हे माझ्यात नव्हतं."

"नाही. जास्तीचं आहे."

तिने लाल पेन उचललं. नियम तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. मी तिच्या हाताकडे बघत बसले. तिने पेन तसंच धरून विचारलं, "म्हणजे तू येणारच नव्हतीस?"

"नाही."

"मी उठले असते तर?"

"तू उठायचं नव्हतंस. मला मारली होती हाक. तुला नाही."

तिचा चेहरा आधी तसाच राहिला. मग तिने वही उघडून मांडी घातली आणि पान पुढे ओढलं.

"परत सांग," ती म्हणाली. "सावकाश. लिहून घेते."

एकदाच, असा नियम होता. मी परत सांगितलं. तिने ते 'जास्तीचं'मध्ये लिहिलं नाही. आपल्या उताऱ्यात, 'दोनदा हाक मारली'च्या पुढे बाण काढून, बारीक अक्षरांत समासात लिहिलं. समास पुरला नाही म्हणून पानामागे लिहिलं. लिहून झाल्यावर आम्ही दोघी खूप रडलो. मावशी बाहेरून विचारत होत्या, "काय झालं गं? फेल केलंस व्हय तिला?"

पाचवीची परीक्षा तिने दिली. आता ती शाळेत जाते, हजेरीला 'हजर' म्हणते, पण हळू. अब्बांना आम्ही अजून सांगितलेलं नाही. ती वही पेटीत आहे आणि पेटीला कुलूप नाही, एवढंच.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनला निघाले. वळणापर्यंत पोहोचले आणि मागून माझ्या नावाने हाक आली. मी जागीच उभी राहिले. परत हाक आली. मी धावत घरी आले. ती दारात उभी होती, कडीला धरून.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "जा आता."

लोकल चुकली होती. मी पुढच्या गाडीने गेले. तेव्हापासून ती रोज हाक मारते, एकदाच. डबा विसरलेला असो वा नसो, मी वळते.