रिक्षात दोन जागा

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या फळ्यावर एरवी पाणी कधी येणार नाही, एवढंच लिहिलेलं असतं. त्याखाली तळमजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ शहरातल्या गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांची खबर खडूने लिहितात. 'शनिवारी नाट्यगृहात बासरी. साडेपाचला रिक्षा निघेल. दोन जागा रिकाम्या.'

मी जिन्यात सापडलो की ते आधी घसा साफ करतात. "येताय ना? झोप लागली तरी चालेल हो. मी उठवणार नाही."

"बघतो, जमवतो," मी म्हणतो. खरं तर मला बासरीतलं ओ की ठो कळत नाही, आणि त्यांच्याशेजारी बसून मध्यंतरात काय बोलायचं याची धास्तीच वाटते. म्हणून आजवर माझ्याकडे चारदा पाहुणे आले आणि सासूबाई तीनदा आजारी पडल्या. सासूबाईंना हे अजून माहीत नाही.

परवा शनिवारी दही घेऊन परतलो, तर फाटकाशी रिक्षा उभी. बाहेर ते, कडक इस्त्रीच्या झब्ब्यात. मी चटकन एका मोटारीमागे उकिडवा बसलो.

"काका, निघायचं का?" रिक्षावाल्याने विचारलं.

"थांब रे जरा. लोक येतील."

दहा मिनिटं झाली. कोणी आलं नाही. शेवटी ते रिक्षात बसले आणि मोटारीकडे न बघताच म्हणाले, "उठा आता. गुडघे धरतील तुमचे."

रिक्षा वळणापलीकडे गेली, तरी मला उठवेना.