दसऱ्याआधी रंधा

बाबांचं तेरावं झालं आणि आई पालीला मामाकडे गेली. जाताना म्हणाली, "पावसाळाभर ज्या घराचं दार लागत नाही, ज्याच्या जिन्यावर माझा गुडघा चढत नाही, तिथे मी दिवसभर एकटीनं काय करू? तू शाळेत नाहीतर सभेत. नीट कर सगळं, मग येते."

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. काशीदजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो. बाबा चळवळीतली पत्रकं घरी आणत, त्यांवरच मी अक्षरं जुळवायला शिकलो. जे खरं ते छापलंच पाहिजे, असं मी मानत होतो. अजूनही मानतो.

ज्येष्ठात गावातला म्हातारा सुतार कामाला आला. गावात सुतार तो एकच. त्याने जिन्याच्या पायऱ्या ठेंगण्या केल्या, बाजूला कठडा बसवला आणि डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवत राहिला. कुठे लाकडाची बारीक कूस बोचली की पुन्हा घासायचा. चौकटीवरची नक्षीची पट्टी काढून टाका, हा ऐतखाऊंचा थाट आहे, असं मी म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या बापानं सोता कोरलीय ती. चार दिवस लागले. तो काय ऐतखाऊ व्हता?" पट्टी राहिली.

दाराची पाळी येईपर्यंत श्रावण लागला होता. दार फुगून चौकटीत शिरेना. बाबा पावसाळाभर त्याला आतून पाटा लावून ठेवायचे. मी म्हणालो, "काका, रंधा मारून टाका."

त्याने दाराच्या कडेवर अंगठा दाबून पाहिला. "दसऱ्याआधी रंधा लावायचा न्हाय."

"का?"

"न्हाय लावत. माझा बाप लावायचा न्हाय."

माझं डोकं फिरलं. मुहूर्त, पंचांग, बापजाद्यांची री, सगळ्यांवर मी उभ्या उभ्या भाषण केलं. तो नव्या पायरीवर बसून विडी ओढत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "झालं का मास्तर? पन टाळ्या कुनी वाजवायच्या? घरात तर कुनीच न्हाय." हत्यारं गोणपाटात गुंडाळून तो निघून गेला.

मी मुरूडहून रंधा विकत आणला. दोन दिवस ओलं लाकूड तासलं. तिसऱ्या दिवशी दार लागलं, कडी पडली. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहून अलिबागच्या छापखान्यात दिलं: 'सुताराच्या रंध्यालाही मुहूर्त?' नाव घातलं नव्हतं, पण गरजही नव्हती. बाजाराच्या दिवशी ते मी स्वतः वाटलं. लोक हसले. म्हाताऱ्याने आमच्या आळीतून जाणं सोडलं. आईला मी कळवलं, दार झालं.

दिवाळीनंतर दार सुकत गेलं. फट पडली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. जिन्यावर बसून जेवायचो, ताट धुवायचो, आणि रात्रभर वारा फटीतून शीळ घालायचा.

मामाची भाताची झोडणी उरकून आई माघात आली. गुडघ्यावर हात न ठेवता माळ्यावर चढली, उतरताना कठडा कुरवाळत उतरली. संध्याकाळी तिने दिवा लावला. तो विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. तिने फटीत बोट घातलं. ते आरपार गेलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"आणि तो सुतार कुठे होता?"

मी पत्रक तिच्या हातात दिलं. ती अक्षर अक्षर लावून वाचते. शेवटपर्यंत वाचलं.

"अरे, पावसात लाकूड पाणी पितं. दसऱ्यापर्यंत सुकायला लागतं. तेव्हा कुठे त्याचं खरं माप कळतं. एवढंच सांगत होता तो."

"मग तसं सांगायचं ना!"

"त्याला तुझ्यासारखं बोलता येत नाही. त्याला दार करता येतं."

तिने पत्रकाची लांबट घडी घातली आणि फटीत सारली. मग आणखी तीन मागून घेतली. दिवा स्थिर झाला. दोन दिवसांनी ती परत निघाली. मोटारीत चढताना म्हणाली, "वाऱ्याचं काही नाही रे. आधी त्याच्याकडे जा. त्यानं फट बुजवायला दाराला पट्टी बसवली की कळव, मी येते."

मी गेलो. तो अंगणात वल्हं तासत होता. मी म्हणालो, "काका, चुकलो."

"छापून आनलं काय?"

"आणतो."

"नको. गावात कागद लई झाला." वल्ह्यावरून हात फिरवून तो म्हणाला, "पट्टी बसवीन. पन आता न्हाय. दार किती फुगतंय ते एक पावसाळा बघू दे. दसऱ्याला येतो."

मी मान हलवली.

पाऊस आला तसं दार फुगलं. फटीतले कागद भिजून लगदा झाले होते, ते मी खरवडून काढले. श्रावणात दार चौकटीत असं नेमकं बसलं की कडी बोटाने ढकलली तरी पडे. शाळेतून आल्यावर मी ते उघडून लावून पाहायचो. दाखवायला घरात कोणी नव्हतं.

एक दिवस कार्ड घेऊन बसलो. 'दार आता लागतं.' तीन शब्द, आणि त्या दिवशी तिन्ही खरे होते. आई आठवड्यात आली असती. मी कार्ड फाडलं आणि दाराला कडी घातली. दसऱ्याला अजून दोन महिने होते.