चाकावरचा हिरवा रंग

त्या ड्रायव्हरचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. भोकरदन-जालना सर्व्हिस मोटारीत सगळे त्याला उस्ताद म्हणत. मी शाळामास्तर, दर शनिवारी त्याच्याच मोटारीने जालन्याला घरी यायचो. मोटारीला तो पोळ्याच्या बैलासारखं सजवायचा. वळणावर तिला म्हणायचा, "हळू माय, जल्दी काय हाय?"

त्या दसऱ्याला त्याने सगळी चाकं काढून हिरवीगार रंगवली. पुढच्याच शनिवारी राजूर मागे पडलं आणि मोटार एकाएकी एका बाजूला कलली. पुढचं एक चाक निसटून आमच्या डोळ्यांदेखत कपाशीत शिरलं.

आम्ही धावलो. कापूस वेचणारी एक बाई मोडलेल्या झाडांकडे बोट दाखवत होती. "आत्ता तिथंच बसल्ते मी."

उस्तादने चाक उभं करून पाहिलं. चाकाच्या भोकांभोवती रंगाचा भुगा झाला होता. "नटाखाली रंग राह्यला," तो पुटपुटला. "रंग झिजला अन् नट ढिले पडले."

बाईचा विळा मागून त्याने सगळ्या चाकांवरचा नटांखालचा रंग खरवडला, पार लोखंड उघडं पडेपर्यंत. निसटलेलं चाक ढकलत आणून जॅकवर बसवलं आणि हरवलेल्या नटांऐवजी इतर चाकांचे एकेक नट लावले. थोडं पुढे गेल्यावर थांबून सगळे पुन्हा आवळले. कुणीही कुरकुरलं नाही.

जालन्यात सगळे उतरले, तरी तो जागचा हलला नाही. मी खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, त्या कापूसवाल्या बाईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "मला घाम फुटलेला पाहून तिनं पाणी पाजलं."