तेहतीस मण्यांवर त्रेपन्न नमो मरिया

गेल्या हिवाळ्यात इथे कुवेतमध्ये माझ्या पत्नीच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. त्याच आठवड्यात मी आमच्या मराठी मंडळीसाठी फ्रान्समधल्या धर्मयुद्धांवर भाषण तयार करत होतो. सोळाव्या शतकातली ती यादवी, एकाच राज्यातले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, छत्तीस वर्षांत आठ युद्धं. मी नगरकडचा प्रोटेस्टंट. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, आकडा दोनदा तपासल्याशिवाय सही करत नाही. तरीही त्या टिपणांत आमच्या बाजूचे मेलेले मी गावागणिक उतरवले होते, आणि आमच्या लोकांनी मारलेले पाद्री व फोडलेल्या मूर्ती एका ओळीत उरकल्या होत्या. पत्नी वसईची कॅथलिक. तिने वाचलं आणि म्हणाली, "आमचे मेले ते मोजायचे नसतात वाटतं?" मी हसण्यावारी नेलं.

लग्नानंतर एकोणीस वर्षं ती माझ्याबरोबर आमच्या उपासनेला आली. जपमाळ मात्र तिने सोडली नाही. मण्यांवर मोजलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, असं माझं ठाम मत होतं. रुग्णालयाने दागिने घरी पाठवायला सांगितले तेव्हा यादी मीच केली, आणि तिची जपमाळ दागिन्यांत धरून हवल्ली भागातल्या आमच्या घरी कपाटात ठेवून आलो. तो दागिना नव्हे, हे मला पुरतं ठाऊक होतं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी तिने उशीखाली हात घातला. माळ नव्हती. न्यायला येणार होते त्याला जेमतेम अर्धा तास उरला होता, घरी जाऊन परतणं शक्य नव्हतं. "इथला नियम आहे," मी म्हणालो. ती उशीखाली पुन्हा चाचपत राहिली. डॉक्टरांनी धोका किती ते आकड्यात सांगितलं होतं. तो आकडा आम्हा दोघांनाही पाठ होता.

शेजारच्या खाटेवर रत्नागिरीच्या एक म्हाताऱ्या मुसलमान बाई होत्या, मुलाकडे राहायला आलेल्या. मधला पडदा सरकला आणि त्यांचा हात आत आला. हातात तसबीह होती, त्यांची जपमाळ. "घे गो बाय. माझं पढून झालं. तेहतीसच मणी आहेत, चालतील ना?"

म्हणजे नियम नव्हता. पत्नीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "चुकलो. मुद्दाम नेली."

"ते मग बघू," ती म्हणाली. तिच्या दोन्ही हातांना सुया लावलेल्या होत्या. "मला मोजता यायचं नाही. तुम्ही मोजा. म्हणायला नाही सांगत."

पडद्यामागून म्हातारी म्हणाली, "बाई बोलणार नि बाप्या मोजणार. बरं आहे, कधी नव्हे ते ऐकून तरी घेईल." पत्नी हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

मी मोजू लागलो. जपमाळेत सुरुवातीला तीन नमो मरिया, म्हणजे मरियामातेची छोटी प्रार्थना तीनदा, मग दहा-दहांचे पाच गट, एकूण त्रेपन्न. तीन आणि तीस झाल्या तेव्हा तसबीहचा शेवटचा मणी माझ्या बोटात होता. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. याचा अर्थ मी लावत बसणार नाही. माझे हात तिथे शांत झाले, एवढंच सांगतो. उरलेल्या वीस मोजताना केव्हातरी मीही पुटपुटू लागलो, आणि शेवटच्या दहात माझी मोजणी चुकली. सात झाल्या की आठ, कळेना. तसं मी तिला सांगितलं.

"एक जास्त झाली तर काय बिघडतं?" ती म्हणाली. तेवढ्यात तिला न्यायला ढकलगाडी आली.

पाच तास मी बाकावर बसलो. एरवी मी देवाला कारणं देऊन मागतो, त्या दिवशी एकही कारण दिलं नाही. ती तुझी आहे, तू बघ, एवढंच म्हणालो. त्या आठ युद्धांत दोन्हीकडची माणसं माझ्याइतक्याच खात्रीने देवाची राखण करत होती. त्याला राखणदार नको आहे, हे मला पन्नाशीत कळलं, आणि पक्कं कळलं.

ती परत आली नसती तरी मी हेच लिहिलं असतं, असं म्हणण्याइतका मी मोठा नाही. ती परत आली. देवाचे उपकार.