जिथे रॅम्प, तिथे पाचवी

उषा मॅडमना अपंग मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी मिळाली ती काही योग्यतेमुळे नव्हे. शाळेत त्यासाठी नाव ठरलं त्या दिवशी त्या रजेवर होत्या, एवढीच पात्रता. हजर असलेल्या चारही मास्तरांनी एकमतानं त्यांची थोरवी मान्य केली.

साल अठ्ठ्याण्णव. बुऱ्हाणपूर अजून खंडवा जिल्ह्यातच होतं. अपंग मुलांना वेगळं ठेवू नका, सगळ्यांसोबत शिकवा, असा आदेश वरून आला होता. आणि वरून आलेली गोष्ट खाली कोणाच्या तरी डोक्यावर पडतेच. मॅडम बुऱ्हाणपूर शहरात, लोधीपुऱ्यात राहायच्या आणि रोज बसनं फोपनारच्या अलीकडच्या एका खेड्यात शिकवायला यायच्या. त्यांना पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. चार दिवस भाषणं झाली, पाचव्या दिवशी पिशवी मिळाली. "हात थरथरणाऱ्या मुलाला लिहायला शिकवायचं कसं?" असं त्यांनी विचारलं, तर साहेब म्हणाले, "प्रेमानं, मॅडम."

हे अमूल्य ज्ञान पिशवीत घालून त्या कौतिक महाजनाच्या दारी गेल्या. कौतिकची मालती अकरा वर्षांची. जन्मापासून पायांत बळ नव्हतं, हात थरथरायचे, शब्द जिभेवर अडायचे. गावानं तिला वेडी ठरवून टाकलं होतं. त्यासाठी गावाला प्रशिक्षण लागलं नाही.

"हिले शाळात नेऊन काय करता, मॅडम?" कौतिक म्हणाला. "हिचं बोलनं माह्याशिवाय कोनाले समजत नाही."

खाटेवरून मालती काहीतरी म्हणाली. कौतिक ओशाळून हसला.

"काय म्हणते?"

"जाऊ द्या ना."

"सांगा."

"म्हने, मॅडमनं साडी उलटी नेसली."

मॅडमनी खाली पाहिलं. पहाटेच्या बसच्या घाईत खरंच उलटी नेसली होती. पदर सावरत त्या म्हणाल्या, "नाव लिहून घेते. अख्ख्या दिवसात हे फक्त हिलाच दिसलं."

मालतीची आधीची एकही इयत्ता झालेली नव्हती, पण भावाची घोकंपट्टी ऐकून ऐकून पाढे, कविता सगळं पाठ होतं. चाचणी घेऊन तिला थेट पाचवीत बसवायचं ठरलं. सरकारनं चाकाची खुर्चीही दिली. आता एवढी खुर्ची शाळेच्या चार पायऱ्या चढवायची कशी? त्यासाठी रॅम्प मंजूर झाला आणि, आश्चर्य म्हणजे, बांधलाही गेला. फक्त तो हेडमास्तरांच्या ऑफिसच्या दाराशी. हेडमास्तर दत्तात्रय सरांचं म्हणणं, तपासणीला येणारे साहेब तिकडूनच येतात, त्यांना दिसायला नको? चढ असा की बकरीनंही विचार करावा. दुसऱ्या दिवसापासून सरांची लुना त्यावरून थेट ऑफिसात जाऊ लागली. सोय झाली, नाही कशाला म्हणा.

पाचवीचा वर्ग दुसऱ्या टोकाला, वेगळ्या पायऱ्यांच्या वर; ऑफिसातून तिकडे जायला वाट नव्हती. आठ दिवस कौतिकनं पोरीला उचलून आत नेलं. नवव्या दिवशी मालती रडली. बापानं उचलताना सगळा वर्ग बघतो, तिला लाज वाटते, असं तिनं सावकाश, तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी मॅडमना बापाशिवाय समजलं.

सर दोन दिवसांच्या बैठकीला गेले होते. मॅडम कौतिकला म्हणाल्या, "मुरूम मिळेल का?"

कौतिकनं केळीच्या बागेतल्या रस्त्यासाठी आणलेला मुरूम ऑफिसच्या रॅम्पच्या पायथ्याशी ट्रॉलीभर ओतला, ठोकला, चढ लांब केला. मग मॅडमनी पाचवीच्या पोरांकडून वर्गातल्या सतरंज्या उचलवून ऑफिसात घातल्या आणि सरांचं टेबल, कपाट, घंटा सन्मानानं पाचवीच्या खोलीत नेऊन मांडलं.

सर परत आले. आपल्या ऑफिसात अपूर्णांक चाललेले पाहून त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"ये क्या है, मॅडम?"

"जिथे रॅम्प, तिथे पाचवी, सर. रॅम्प हलवता आला असता तर वर्ग नसता हलवला."

"मी वर लिहितो!"

"लिहा ना. रॅम्प तिथे का बांधला, तेही लिहा."

सरांनी लिहिलं नाही. मालती मात्र लिहू लागली. मॅडमनी पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून ती मक्याच्या कणसाएवढी जाड केली, वही चिमट्यांनी पाटावर बांधली. अक्षरं आधी मुंग्यांसारखी पळत होती, दिवाळीनंतर ओळीत बसली. पाचवीच्या बोर्डाच्या परीक्षेत तिला जादा वेळ मिळावा म्हणून मॅडमनी चार अर्ज केले. तीन हरवले, चौथा मंजूर झाला. मालती चौसष्ट टक्क्यांनी पास झाली.

तपासणीचे साहेब आले तेव्हा गहिवरले. अपंग मुलीसाठी स्वतःचं ऑफिस सोडणारा हेडमास्तर त्यांनी पाहिलाच नव्हता. शिक्षक दिनाला दत्तात्रय सरांना शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात सर म्हणाले, त्याग हा माझा स्वभावच आहे. उषा मॅडमना बदली मिळाली, डोईफोडियाच्याही पुढे, जंगलाच्या कडेला.

निघायच्या दिवशी कौतिक बसथांब्यावर आला. सहावीपासूनची मिडल शाळा मालतीला घ्यायला अजून नाही म्हणत होती.

"मी बोलू का त्यांच्याशी?" मॅडमनी विचारलं.

"नको. तुम्ही फक्त सांगा, अर्ज कोनाच्या नावानं लिहाचा. बाकी मी पाह्यतो."

मॅडमनी सांगितलं. त्यानं मालतीच्याच वहीच्या पानावर ते उतरवून घेतलं आणि पुन्हा वाचून दाखवलं.

नव्या शाळेत हजर झाल्यावर मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "इथे अपंग मुलं किती?"

"आमच्या गावात असली मुलंच नाहीत," तिथले हेडमास्तर अभिमानानं म्हणाले.

"बरं," म्हणून मॅडम दुपारी गावात निघाल्या. शनिवारपर्यंत नावं झाली तीन.