सानिकाचा ऑक्टोपस

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटायलीय, म्हणून लिहितेय.

सेलूत मी घरीच मुलांना चित्रकला शिकवते. आज वॉटरकलरमध्ये समुद्रातले प्राणी होते. सात वर्षांच्या सानिकानं ऑक्टोपस काढला. पाणी जास्त झालं, जांभळा रंग पसरला, पाय एकमेकांत मिसळले. ती मात्र लय खूश होती.

मला पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचे होते. ती हात धुवायला गेली तेव्हा मी ब्रश घेतला आणि गडद रंगानं पाय, डोळे नीट करून टाकले.

तिची आई न्यायला आली. "अगं, लय भारी काढलंस की!"

"मी न्हाई काढलं," सानिका म्हणाली.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी हसून म्हणाले, "तिनंच काढलंय. लाजायलीय."

सानिका चित्र टेबलावरच ठेवून गेली.

संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आईसमोर खरं सांगितलं, सानिकाची माफी मागितली. तिनं एवढंच विचारलं, "मॅडम, तुमचा रंग पुसला तर खालून माझा ऑक्टोपस निघंल का?"

मला "नाही" म्हणावं लागलं.

तुम्ही लेकरांचं चित्र कधी असं नीट केलंय का? त्यांना विचारलं होतं?